मिसळायचं नाही: नाक मुरडणाऱ्यांच्या घरातला स्वयंपाक, आतापर्यंतची प्रगती

घरात खाणारे दोघंही चोखंदळ, आणि रांधणारी मी, जिला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा. लेक पाच वर्षांची आहे. तिला ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला चालत नाही. तिचा मामा चांगला दाढीमिशीवाला माणूस, पण कोबी म्हटलं की त्याची भूक जाते. हात आखडता ठेवूनच खर्च करावा लागतो. अशा घरात काय खपतं आणि काय परत येतं हे शोधायचा मला नाद लागलाय, त्याची ही पुढची नोंद. यात पाककृती कमी आणि खटपट जास्त आहे.

सध्या एकच नियम पाळतेय: काहीही एकत्र शिजवायचं नाही. भात वेगळा, कडधान्य वेगळं, एखादी भाजी भाजून वेगळी, उकडलेलं अंडं वेगळं, आणि वाटीत काहीतरी आंबट-खारट. बहुतेक वेळा ते म्हणजे दही, मीठ, लिंबू आणि किसलेली लसूण. ज्याने त्याने आपापल्या ताटात हवं ते जमवायचं. एका पातेल्यातल्या जेवणाची तारीफ सगळे करतात, भांडी कमी पडतात म्हणून. पण त्यात पाच जिन्नस असले आणि एक नावडता निघाला, की पाचही परत येतात. वेगवेगळं वाढलं तर परत येतो तो एकच.

पैशाचा हिशोबही इथेच सुटला. स्वस्त जिन्नस आणले आणि अर्धे टाकून दिले तर ते स्वस्त कसले? मिसळलेलं अन्न उरलं की दुसऱ्या दिवशी तेच, आणि आमच्याकडे तेच कुणी दुसऱ्यांदा खात नाही. नुसते उकडलेले हरभरे उरले तर त्यांचं काहीही होतं: कुस्करून, भाजून, सूपमध्ये.

भाजणं

सगळ्यात जास्त फरक इथे पडला, म्हणून जरा सविस्तर.

उकडलेली फुलकोबी आणि भाजलेली फुलकोबी या मामाच्या लेखी दोन वेगळ्या भाज्या आहेत. पहिली तो ताटात येऊ देत नाही, दुसरी उभ्याउभ्या ट्रेमधून उचलतो. कारण सरळ आहे. पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही आणि अन्नावर खमंग तपकिरी रंग चढतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे. ही प्रथिनं आणि साखर यांच्यातली प्रक्रिया, 1912 मध्ये लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांडलेली. म्हणजे भाजीच्या पृष्ठभागावर ओल असेपर्यंत ती फक्त वाफवली जाते. धुतल्यावर फडक्याने कोरडी करायची, तेल सगळ्या तुकड्यांना हाताने चोळायचं, आणि पसरताना तुकडे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. ट्रे गच्च भरला तर निघालेली वाफ तिथेच अडकते आणि शेवटी उकडलेलीच भाजी मिळते. ओव्हन 220 अंशांवर, फुलकोबीला वीस-पंचवीस मिनिटं, गाजराला थोडी जास्त. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पॅन, मोठी आच, आणि सतत हलवायचा मोह आवरणं. एक बाजू लाल होईपर्यंत हात लावायचा नाही.

कोबीचंही तेच. जाड फाका करून भाजायच्या. कोबी जितका जास्त वेळ पाण्यात उकळत राहतो तितके त्यातले गंधकाचे वास सुटत जातात, आणि घरभर जो दर्प पसरतो त्यानेच अर्धे लोक पळतात. मोठ्या आचेवर चटकन झाला तर तो गोडसर लागतो.

कडूपणाबद्दल मात्र मी मामाला आता बोलत नाही. 1931 मध्ये आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक भुकटी हाताळत होता, ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, काय कडू आहे, आणि फॉक्सला काहीच चव लागेना. पुढे कळलं की हा फरक आनुवंशिक आहे. टीएएस2आर38 या जनुकाच्या प्रकारावर तो बराचसा अवलंबून असतो, आणि कोबीवर्गातल्या भाज्यांचा कडूपणाही काहींना त्यामुळे अधिक जाणवतो. तेव्हा आपल्या जिभेवर गोड लागणारा कोबी समोरच्याच्या जिभेवर खरंच कडू असू शकतो. यावर घरातला उपाय म्हणजे मीठ. मीठ कडवटपणा दाबतं, हे 1997 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगातही दिसलं होतं. म्हणून कडसर भाजीवर मी आधी साखर टाकत नाही. चिमूटभर मीठ वाढवते आणि मग चाखते.

बटाट्याला दोघंही हो म्हणतात, तेव्हा त्यावर जास्त लिहायला नको. फक्त एक: थंड खारट पाण्यात टाकून उकळायला ठेवा म्हणजे आतबाहेर सारखे शिजतात. नंतर पाणी काढून झाकण लावून पातेलं जोरात हलवायचं. कडा खरबरीत होतात, आणि भाजल्यावर तोच भाग कुरकुरीत होतो.

कडधान्यं, आणि एक धोक्याची सूचना

सुकी कडधान्यं शिजून अडीच ते तीन पट होतात. डब्यातल्या तयार कडधान्याशी तुलना केली तर पैशात मोठा फरक पडतो. खर्च होतो तो वेळ, आणि तोही बहुतेक भिजण्याचा, म्हणजे आपण झोपलेले असताना. भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर साली मऊ होतात. मिठाने कडधान्य कडक राहतं असं ऐकत मोठी झाले, पण प्रत्यक्षात कडक ठेवतो तो आंबटपणा आणि जड पाणी. टोमॅटो, लिंबू, चिंच वगैरे शिजल्यावरच. प्रेशर कुकरमध्ये तापमान साधारण 120 अंशांपर्यंत जातं, म्हणून इंधनही वाचतं. पण फेस येतो, तेव्हा पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका.

लाल राजमा मात्र वेगळा. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात चांगली खळखळ उकळी आणून शिजवायचा. दहा मिनिटं हा किमान आकडा सांगितला जातो, मी अर्धा तास उकळू देते. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथे तापमान पुरेसं चढत नाही, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो. पोटात भयंकर गडबड होते.

लेकीने उकडलेले छोले तोंडातून परत काढले. तेच छोले पुसून, तेल-मीठ लावून, कुरकुरीत भाजले तर मूठ भरून खाल्ले. चव तीच होती, बदललं ते दाताखाली काय लागतं तेवढंच. आमच्याकडच्या बहुतेक 'नको'च्या मुळाशी चव नसतेच असं मला आता वाटायला लागलंय. लिबलिबीत, तंतुमय, मध्येच बी लागणारं, एका घासात मऊ आणि दुसऱ्यात कडक: तक्रार याची असते. त्यामुळे नवी भाजी आणली की मी आधी विचारते, कुरकुरीत हवी की एकदम मऊ? मधलं काही चालत नाही, हे उत्तर दोघांचंही सारखंच.

अंडी

थोडक्यात. उकळत्या पाण्यात सोडलेली अंडी सोलायला सोपी जातात, थंड पाण्यापासून सुरू केलेली साल ओढताना पांढरं घेऊन येते. सात मिनिटांत बलक मऊसर, अकरा-बारा मिनिटांत घट्ट. मग लगेच थंड पाण्यात. जास्त उकळलं तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. ते बलकातलं लोह आणि पांढऱ्यातला गंधक यांचं काम, खायला निर्धोक असतं. पण चोखंदळ माणसाला ते समजावण्यापेक्षा घड्याळ लावणं सोपं. लेक फक्त पांढरं खाते. बलक कुस्करून दह्यात जातो, आणि ते दही ती खाते. तिला ठाऊक आहे. विचारलं तर मी लपवत नाही.

लपवण्यावरून मतभेद होतील याची कल्पना आहे. भाज्या वाटून सॉसमध्ये दडवायची युक्ती पोटात भाजी घालते, हे खरं. पण त्याने भाजीची ओळख होत नाही, आणि एक दिवस उघडकीला आलं की सॉसही जातो. आमच्याकडे सॉस म्हणजे हमखास खपणारा पदार्थ, तो मला पणाला लावायचा नाही.

कंटाळा नेमका कशाचा

शिजवण्याचा कंटाळा मला फारसा नाही, हे लक्षात आलं तेव्हा बरंच सोपं झालं. आज काय करायचं, हे ठरवण्याचा आहे, त्याखालोखाल चिरण्याचा. म्हणून ठरवणं बाद केलंय. प्रत्येक जेवणात एक पिठूळ, एक प्रथिनाचं, एक भाजलेलं, एक कच्चं, एक आंबट. या पाच जागा भरायच्या, बास. घरात जे आहे ते जागेवर बसवलं की झालं. कच्च्याच्या जागी काकडी किंवा गाजराचे तुकडे, त्याला कौशल्य लागत नाही.

चिरण्यावर उपाय म्हणजे फ्रोझन मटार आणि बीन्स. तोडणीनंतर लवकर गोठवलेल्या असतात, त्यामुळे पोषणात ताज्यांच्या मागे नसतात, आणि हवं तेवढं काढून बाकीचं परत ठेवता येतं. पालेभाजीला कात्री. आधी काय चिरायचं याचा क्रम मात्र पाळावा: ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी आचेवर, बाकीचं ते शिजत असताना. सगळं चिरून मग गॅस पेटवायचा, ही शिस्त हॉटेलच्या स्वयंपाकघरात शोभते, घरी तिने जेवायला उशीर होतो.

भात एकदम जास्त करून ठेवता येतो, पण बाहेर ठेवून नाही. तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट ताटात पातळ थर करून निववायचा आणि तासा-दीड तासात फ्रीजमध्ये. नंतर काढला की चांगली वाफ येईपर्यंत गरम करायचा.

खाणाऱ्यांची बाजू

नव्या अन्नाची भीती साधारण दोन ते सहा या वयात सगळ्यात जास्त असते. एकच गोष्ट आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, मग मूल चाखायला तयार होतं. बहुतेक आईबाप तिसऱ्या-चौथ्या नकाराला 'हिला आवडत नाही' म्हणून सोडून देतात. मी एकच वाटाणा, एकच फोड ठेवते. इतकं कमी की वाया गेलं तरी रडू येऊ नये. पंधरा वेळा पूर्ण वाढप करणं आपल्या खिशाला परवडणारं नाही.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली वाटणी मला पटते: काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाढून झालं की मी गप्प बसते. 'हे संपवलं तर गोड देईन' हे तर पूर्ण बंद, कारण त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस. मात्र ताटात एक तरी गोष्ट तिची ओळखीची असतेच. उपाशी उठायची वेळ येत नाही, आणि मला दुसरा स्वयंपाक करावा लागत नाही.

एक गंभीर गोष्ट. खाण्याचे पदार्थ मोजकेच उरले असतील, आणखी कमी होत असतील, वजन घटत असेल किंवा वाढ थांबली असेल, तर ते ताटात वेगवेगळं वाढून सुटणारं नाही. अन्न टाळण्याच्या अशा विकाराला 2013 पासून मानसोपचाराच्या निदानसूचीत स्वतंत्र जागा आहे, आणि तो मोठ्यांनाही होतो. डॉक्टरांकडे जा.

सध्याची स्थिती

लेक: भाजलेलं गाजर पक्कं, मटार फक्त गोठलेले, फ्रीजरमधून काढल्याकाढल्या. पाकिटावर शिजवून खा असं लिहिलेलं असतं, म्हणून मी त्यांना उकळत्या पाण्यातून काढून पुन्हा गोठवते. तिला फरक कळलेला नाही. टोमॅटो शिजवलेला चालतो, कच्चा नाही, बिया दिसतात म्हणून. कोबीला अजून हात लावलेला नाही, पण ताटाबाहेरही काढलेला नाही.

मामा: फुलकोबी हो, कोबी कडा करपलेल्या असतील तर. वांग्याचं नाव काढू नये.

पुढच्या खेपेला मशरूम. ते कोरड्या पॅनमध्ये, तेलाशिवाय सुरू करायचे, त्यांचं पाणी सुटून आटेपर्यंत वाट पाहायची आणि तेल-मीठ मग, असा बेत आहे. लिबलिबीतपणा पाण्यामुळे येतो आणि आमची मुख्य अडचण तीच. मामाने नकार आगाऊच कळवलाय. लेकीने विचारलंय की ते कुरकुरीत होतात का. तुमच्यापैकी कुणाचे होत असतील तर किती पातळ कापता, तेवढं सांगा.