बाटलीतली खिडकी

काम एका ओळीचं होतं: बॅकग्राउंड बदलून द्या. फोटोत काचेची गोल बाटली, गळ्यापर्यंत बिनरंगी तेल, मागे हिरवा पडदा. पडद्याच्या जागी एक खोली हवी होती, डावीकडे उजळ खिडकी, उजवीकडे गडद भिंत.

पेन टूलने बाटलीची कड आखली, मास्क लावला, म्हणजे कडेबाहेरचं सगळं झाकलं, मागे खोली ठेवली. बाटली हिरवी ती हिरवीच! काचेतून पडदा दिसतो, त्यामुळे कड कितीही काटेकोर कापली तरी तो बाटलीबरोबर येणारच. आपोआप बॅकग्राउंड काढणारी टूल्स हल्ली केससुद्धा बऱ्यापैकी सोडवतात, पण काचेपुढे बहुतेकदा हात टेकतात. तिथे एकच पिक्सेल बाटलीचाही असतो आणि मागच्या पडद्याचाही.

लेबल वेगळं काढून ठेवलं, उरलेल्या बाटलीचा रंग पूर्ण उतरवला आणि तिच्या दोन प्रती केल्या. एकीत लेव्हल्स, म्हणजे उजळ-गडदपणाचे स्लायडर, ओढून फक्त चमक ठेवली, बाकी काळं. ती स्क्रीन मोडवर, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळायच्या एका पद्धतीवर. दुसरीत काचेच्या गडद कडा ठेवल्या, बाकी पांढरं, ती मल्टिप्लाय या दुसऱ्या मोडवर. स्क्रीनमध्ये काळं आणि मल्टिप्लायमध्ये पांढरं दिसेनासं होतं, त्यामुळे पडदा गेला आणि काचेतून खोली दिसू लागली. हा क्षण मला दर वेळी तितकाच आवडतो.

तरीही बाटली वरून चिकटवल्यासारखी वाटत होती. सावली तपासली, रंग तपासले, काही सापडेना. शेवटी पाण्याने भरलेला ग्लास मॉनिटरसमोर जरा अंतरावर धरला. ग्लासात खिडकी उजवीकडे! भरलेली गोल बाटली भिंगासारखं काम करते, मागचं दृश्य डावं-उजवं उलटवते. मग खोलीची प्रत आडवी फ्लिप केली, रुंदीत दाबली, कडांशी वार्पने वाकवली, किंचित ब्लर केली आणि फक्त तेलाच्या भागापुरती ठेवली. वरचा गळा रिकामा, म्हणून तिथे खोली सुलटीच. सावलीच्या मधोमध उजेडाचा एक पट्टाही सोडला, कारण काचेची सावली कधी एकसारखी काळी पडत नाही.

"बाटलीत खिडकी उलट्या बाजूला का आहे?" क्लायंटने लगेच विचारलं. मी म्हटलं, पाण्याचा ग्लास घेऊन खिडकीपासून लांब उभ्या राहा आणि त्यातून बघा. थोड्या वेळाने उत्तर आलं, "हेच फायनल." सोबत पुढचा फोटो होता, सपाट बाजूंच्या चौकोनी बाटलीचा. समोरून बघताना तिच्यात खिडकी उलटत नाही, म्हणजे ही मांडणी तिथे चालणार नाही.