आईचं इंग्लिश किती चांगलं?

गेल्या महिन्यात सेन्सस ब्युरोचा, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याचा लिफाफा आला, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे. दहा वर्षांनी होते ती जनगणना वेगळी, हा दरवर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांवर जातो आणि यंदा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमचा नंबर लागला. भरणं कायद्याने सक्तीचं, त्यामुळे रविवारी पोहे खाऊन बसलो एकदाचे. आई सहा महिन्यांसाठी आलीये, तिला धरायचं की नाही यावरून आधी आमचं वाजलं, पण दोन महिन्यांपेक्षा जास्त राहणारा माणूस मोजायचा असा नियम निघाला, म्हणजे आई पण आली.

घर, गाडी, नोकरी भराभर झालं आणि गाडी अडली भाषेवर. घरी इंग्लिशशिवाय दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्लिश कितपत बोलता: फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही.

लेकीचं काय लिहायचं? मी विचारते "वरण वाढू का?", ती म्हणते "जस्ट अ लिटल". नवरा म्हणाला ही मराठी नव्हे, मी म्हटलं माझ्याकडून काही हवं असलं की कशी बरोबर मराठी येते!

मग आई. "व्हेरी वेल लिही," म्हणाली, "बँकेत तीस वर्षं हेड ऑफिसची इंग्लिश पत्रं मीच लिहायचे." ते खरंच आहे, माझ्या ईमेलमधली 'अ', 'द' ही आर्टिकलं ती अजून सुधारते. पण आदल्याच दिवशी औषधांच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने भरकन जन्मतारीख विचारली तर आईने माझ्याकडे बघितलं. फॉर्म लिहिण्यावाचण्याचं विचारतच नाही, फक्त बोलण्याचं.

नवरा म्हणे टाक काहीतरी, कोण बघतंय. पण बघतात ना! 'फार चांगलं'च्या खालचे सगळे इंग्लिश कच्चं असलेले धरतात, आणि एका भाषिक गटाचे असे मतदानाच्या वयाचे नागरिक काउंटीत (इथला जिल्हा) १० हजारांच्या वर किंवा ५ टक्क्यांच्या वर गेले (अजून एकदोन अटी आहेत) तर मतपत्रिका त्या गटाच्या भाषेत द्यावी लागते. आई नागरिक नाही, तिच्या टिकने काही हलणार नाही. पण इथे नागरिक झालेल्या कितीतरी आज्या आहेत आणि त्यांची मुलंही माझ्यासारखीच 'माझी आई काय अडाणी आहे का' म्हणून वरच्या चौकोनात टिक करत असणार.

बरं, मराठी लिहून तरी काय, ब्युरोच्या भाषांच्या मोठ्या तक्त्यात गुजराती, हिंदी, बंगाली, तेलुगू सगळ्यांना आपापली ओळ आणि आपण कुठे तर 'नेपाळी, मराठी आणि इतर' मध्ये. २०११ च्या भारताच्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होतो हो आपण!

शेवटी आईला 'चांगलं' दिलं. दुपारच्या जेवणाला ती माझ्याशी फक्त इंग्लिशमध्ये बोलली. मीठसुद्धा "काइंडली पास" म्हणून मागितलं.