मोटारीविना यॉर्कशायर डेल्स: वसंतातल्या सहलीची वही

१० जानेवारी

बेत पक्का. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्सच्या दऱ्या, एप्रिलचा शेवटचा आठवडा, शुक्रवार २४ ते बुधवार २९, पाच रात्री, तीन माणसं, मोटार नाही. तीन माणसं म्हणजे मी, नवरा आणि मावशी. मावशीचं वय ६७, उत्साह विशीतला, गुडघे मात्र वयाच्या चार पावलं पुढे. चढ चालतो, लांबलचक उतार नको, एवढी तिची एकच अट.

नवऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता. "भाड्याची मोटार घेऊ या ना सरळ?"

"घेऊ की. तू चालव, आम्ही दोघी खिडकीतून दऱ्या बघतो."

त्यावर तो गप्प बसला. पटलं असं नाही, पण हरकतही मागे घेतली.

तारखा का याच, ते लिहून ठेवते, कारण हा हिशेब मला दर वर्षी नव्याने मांडावा लागतो. यंदा ईस्टर ५ एप्रिलला. ईस्टरच्या आगेमागे शाळांना सुट्टी, राहायच्या जागा महाग आणि बसमध्ये उभं राहायची पाळी. मेच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे म्हणजे सार्वजनिक सुट्टी, पुन्हा तेच. मधला एप्रिलअखेरचा आठवडा मोकळा सापडतो. त्या दिवसांत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, कुरणांत कोकरं असतात, माळावर कर्ल्यू हे लांब चोचीचे पक्षी आणि टिटव्या परतलेल्या असतात. रेल्वेप्रेमींसाठी महत्त्वाचं आणखी एक कारण म्हणजे ब्रिटनमध्ये रेल्वेचं वेळापत्रक डिसेंबरात बदलतं आणि मग थेट मेच्या मध्यावर. म्हणजे एप्रिलअखेरच्या गाड्या आज जानेवारीतच समोर आहेत. बसचं तसं नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

१८ जानेवारी

मुक्काम कुठे करायचा यावर आठवडा गेला. तीन नावं होती: स्किप्टन, सेटल आणि हॉज.

स्किप्टनचा मोह मोठा. लीड्सपासून तिथवर विजेची लाइन, गाड्यांची रेलचेल, बसचाही अड्डा. पण ते डेल्सचं दार आहे. रोज सकाळी दारापासून सुरुवात करून रोज संध्याकाळी दाराशीच यायचं, यात मजा नाही. हॉज अगदी उलट, वेन्स्लीडेलच्या पोटात. डेल म्हणजे दरी, आणि ही त्यांतली मोठी. हॉजला पूर्वी स्टेशन होतं, पण नॉर्थॲलर्टनकडून येणारी प्रवासी गाडी १९५४ मध्ये बंद झाली आणि गार्सडेलकडचा उरलासुरला तुकडा १९५९ मध्ये. आता तिथे पोचायचं तर एकाच बसच्या धाग्यावर लटकायचं. तो धागा तुटला की दिवस गेला.

म्हणून सेटल. लीड्सहून साधारण तासाभराचं अंतर, स्टेशन गावातच, बाजारपेठेपर्यंत पिशवी ओढत पाच-सात मिनिटं. पाचही रात्री एकाच जागी आणि तिथून रोज एक फांदी. सामान रोज उचलायला लागलं की बस चुकायची भीती दुप्पट होते, हे मी मागच्या सहलीत शिकले. तेव्हा तीन मुक्कामांचा घाट घातला होता आणि अर्धी सुट्टी थांब्यावरच्या बाकावर काढली होती.

२४ जानेवारी

आज लीड्सहून सेटलमार्गे कार्लाइलला जाणाऱ्या लाइनच्या गाड्यांचा आलेख काढला. ज्यांनी कधी केलं नसेल त्यांनी एकदा करून बघाच.

आडव्या अक्षावर वेळ, सकाळी सहा ते रात्री दहा. उभ्या अक्षावर स्टेशनं, त्यांच्यातल्या खऱ्या अंतरांच्या प्रमाणात: लीड्स, स्किप्टन, सेटल, हॉर्टन, रिबलहेड, डेंट, गार्सडेल, कर्बी स्टीफन, ॲपलबी, कार्लाइल. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगात. रेघ आडवी झाली की गाडी उभी आहे. रेल्वेची माणसं एकोणिसाव्या शतकापासून असेच आलेख वापरत आली आहेत. कोष्टकात न दिसणाऱ्या गोष्टी यात डोळ्यांत भरतात.

पहिली गोष्ट म्हणजे पोकळी. लीड्स ते स्किप्टन रेघांचं जाळं दाट, आणि सेटलच्या वर एकदम माळरान. दिवसभरात मोजक्याच रेघा, दोन गाड्यांमध्ये दोन तासांचं अंतर सहज. म्हणजे एखाद्या स्टेशनवर उतरलात की तुम्ही तिथे दोन तासांचे पाहुणे. रिबलहेडला हे दोन तास सुखाचे आहेत. २४ कमानींचा पूल, ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच, आणि स्टेशनापासून त्याच्या पायथ्याशी जायला बरी पाऊलवाट. डेंटला तेच दोन तास शिक्षा ठरू शकतात. डेंट हे इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सर्वांत उंच स्टेशन, सुमारे ३५० मीटरवर, आणि ज्या गावाचं नाव ते मिरवतं ते गाव खाली दरीत सहा-सात किलोमीटरवर. रस्ता सरळ खाली कोसळतो. मावशीच्या गुडघ्यांची अट आठवली आणि डेंटवर काट मारली. गाडीतूनच बघायचं.

मग निळ्या पेन्सिलीने बसच्या रेघा काढल्या. काळ्या रेघांच्या टोकाशी निळी रेघ सुरू झाली पाहिजे, मध्ये दहा-पंधरा मिनिटांची फट. कुठे फट चार मिनिटांची, कुठे पावणेदोन तासांची. पावणेदोन तासांचं काही वाटत नाही, माणूस फिरतो, बसतो. चार मिनिटांची फट मात्र कागदावर जितकी देखणी तितकी जमिनीवर धोक्याची. एकच रेल्वे तिकीट असेल तर पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली तरी नंतरच्या गाडीने जाता येतं. बसला हा नियम लागू नाही. गाडी आणि बस यांच्यामधली फट सर्वस्वी तुमच्या जबाबदारीवर.

नवऱ्याने कागद बघितला. "हे सुट्टीचं नियोजन आहे की नाकाबंदी?"

३० जानेवारी

प्रवासाला बरोबर बारा आठवडे. ॲडव्हान्स, म्हणजे आगाऊ काढायची स्वस्त तिकिटं साधारण याच सुमारास सुटतात. लीड्सपर्यंतचा लांबचा टप्पा घेतला. ॲडव्हान्स तिकीट त्याच गाडीपुरतं असतं आणि मधे उतरता येत नाही, म्हणून ते फक्त या टप्प्यासाठी. सेटलच्या वरच्या रोजच्या फेऱ्यांसाठी ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून चालणारी) परतीची तिकिटं त्या-त्या दिवशी काढणार. आम्ही तिघं असल्यामुळे ग्रुपसेव्ह या रेल्वेच्या गट-सवलतीत बसतो: तीन ते नऊ जण, गर्दीच्या वेळा सोडून, एकत्र प्रवास, एक तृतीयांश सूट, आणि कुठलं कार्ड काढायची भानगड नाही. दोघंच जाणाऱ्यांनी मात्र रेलकार्डाचा, म्हणजे विकत घ्यायच्या सवलत-कार्डाचा हिशेब करून बघावा.

८ फेब्रुवारी

आज फसले होते.

एका दरीतून परतीसाठी दुपारी पावणेचारच्या आसपासची बस सापडली. इतकी नेमकी की मी आलेखावर तिच्याभोवती गोल काढला. एका प्रवास-नियोजन ॲपवर ती दिसतच नव्हती, म्हणून मी ॲपलाच नावं ठेवली. मग बस चालवणाऱ्यांचं मूळ वेळापत्रक उघडलं. त्या रकान्याच्या डोक्यावर एक बारीक अक्षर, आणि पानाच्या तळाशी त्याचा अर्थ: फक्त शाळेच्या दिवशी. ॲपमध्ये मी तारीख घातली होती ६ एप्रिल, सहज चाचणीसाठी. तो ईस्टरचा सोमवार! ॲप बिचारं खरं बोलत होतं.

तारीख २७ एप्रिल केल्यावर बस हजर. शाळा तोवर उघडलेल्या असतात. म्हणजे सुट्टीची गर्दी टाळायला निवडलेल्या तारखांनी बसही मिळवून दिली. इंग्लंडच्या खेड्यांत हे पुष्कळदा दिसतं: दुपारची फेरी मुळात मुलांना घरी सोडण्यासाठी असते आणि आपण त्यात उपरे. शाळा बंद तर फेरी बंद. काही फेऱ्या फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी, काहींना आदल्या दिवशी फोन करून कळवावं लागतं. तेव्हापासून माझा नियम उलटा झालाय. आधी तळटीपा वाचायच्या, मग वेळा. आणि दिवसाची आखणी परतीच्या शेवटच्या बसपासून मागे मागे यायची. सकाळी लवकर कसं पोचायचं हा प्रश्न सोपा असतो. संध्याकाळी अडकायचं नाही, हा खरा.

१५ फेब्रुवारी

रविवार मी बिनकामाचा धरला होता. रविवारी खेड्यात बस नाही, हे आपण गृहीतच धरतो. डेल्समध्ये ते खोटं आहे. डेल्सबसच्या नावाखाली रविवारी आणि बँक हॉलिडेला खास फिरणाऱ्यांसाठी बस धावतात, आणि त्यांतल्या काही वाटांवर आठवड्याच्या दिवशी चिटपाखरू नसतं. या फेऱ्यांमागे स्वयंसेवी मंडळी आहेत. म्हणून मॅलहॅम हे गाव रविवारी टाकलं. मॅलहॅम कोव्हचा ८० मीटरचा चुनखडीचा कडा पायथ्यापासून बघायचा, वर चढायचं की नाही ते मावशी ठरवेल. हंगामी वेळापत्रक अजून यायचंय, तोवर गेल्या वर्षीचं समोर ठेवून पेन्सिलीने लिहिलंय. पेनाने अजिबात नाही.

ही अशी सोय इथे जुनी आहे. १९७० मध्ये सेटल-कार्लाइल लाइनवरची सेटल आणि ॲपलबी सोडून मधली छोटी स्टेशनं बंद झाली. १९७५ मध्ये डेल्सरेल नावाने शनिवार-रविवारच्या खास गाड्या सुरू झाल्या, चालायला येणाऱ्यांसाठी, त्यांना जोडून बस. बंद फलाटांवर माणसं पुन्हा उतरू लागली आणि १९८६ मध्ये ती स्टेशनं रोजच्या गाड्यांसाठी उघडली. तेव्हा तर सगळी लाइनच बंद करायचं घाटत होतं. ११ एप्रिल १९८९ ला तो विचार सोडल्याचं जाहीर झालं. आपण ज्या दोन तासांच्या अंतराला नाकं मुरडतो, ते असं भांडून मिळवलेलं आहे.

१ मार्च

आजचा मसुदा असा. शुक्रवारी संध्याकाळी सेटल. योगायोग म्हणजे २४ एप्रिल १९६५ ला याच भागात, मॅलहॅम मूरवर, पेनाइन वे या ४३० किलोमीटरच्या पायवाटेचं उद्घाटन झालं होतं. शनिवारी रिबलहेड, नवरा व्हर्नसाइड या डोंगरावर जाणार, ७३६ मीटर. आम्ही दोघी पूल बघून पुढच्या गाडीने परत, तो त्याच्या पुढच्या गाडीने. चार तास त्याला पुरतील का यावर वाद चालू आहे. मी म्हणते नाहीत, कारण तो वाटेत फोटो काढतो. रविवारी मॅलहॅम. सोमवारी कार्लाइलपर्यंत सगळी लाइन, येताना ॲपलबीला उतरून दोन तास.

मंगळवार सगळ्यात नाजूक. गाडीने गार्सडेल, तिथून लिटल व्हाइट बस नावाच्या स्थानिक बससेवेने हॉज, कारण मंगळवारी हॉजला बाजार भरतो. गार्सडेल स्टेशन म्हणजे चार घरं, वारा आणि फलाटावर एक कांस्याचा कुत्रा. हा पुतळा रसवॉर्प नावाच्या खऱ्या कुत्र्याचा. लाइन बंद करण्याविरुद्धच्या निवेदनावर त्याच्या पंजाचा ठसा होता. बस चुकली तर हॉज तिथून दहा किलोमीटर, आणि सोबतीला तो कुत्रा. म्हणून सकाळची एक गाडी आधीची धरली आहे. बस उशीर झालेल्या गाडीसाठी थांबते का, हे फोन करून विचारायचं राहिलंय.

पायी फिरणाऱ्यांसाठीचे ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे आले: ओएल २ आणि ओएल ३०, दोन्ही १:२५,०००. फोन आहेच, पण दरीत रेंज गेल्यावर बसथांबा नेमका रस्त्याच्या कुठल्या वळणावर आहे ते कागदच सांगतो.

१५ मार्च

२९ मार्चला उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे जातील. आलेखावर फरक पडत नाही, संध्याकाळच्या उजेडावर मात्र पडेल. रविवारचं वेळापत्रक अजून नाही. दर दोन दिवसांनी बघते.

मावशीचा फोन आला. खिडकी कुठल्या बाजूची धरायची, एवढाच प्रश्न. मी नकाशा उघडून सांगितलं: सेटलहून वर जाताना डोंगरांपैकी पेनिघेंट उजव्या हाताला, इंगलबरो आणि व्हर्नसाइड डाव्या. येताना उलट.

ती क्षणभर थांबली. "मग मी दोन्ही वेळा उजवीकडेच बसते," म्हणाली.

आलेखात हे कुठे दिसत नव्हतं. वहीत लिहून घेतलं.