सीईटीआधी किती सराव पेपर सोडवायचे?

मी बारावीला फिजिक्स शिकवते. जानेवारी उजाडला की मुलं आणि त्यांच्याहून जास्त पालक सीईटीबद्दल, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांसाठी होणाऱ्या राज्याच्या परीक्षेबद्दल, विचारू लागतात, "मॅडम, सीईटीआधी किती सराव पेपर व्हायला हवेत?" माझं उत्तर असं: बोर्डाची परीक्षा होईपर्यंत आठवड्याला एक, नंतर एक दिवसाआड एक. रोज एक नको. मधला दिवस सोडवलेला पेपर परत उघडण्यासाठी लागतो आणि माझ्या मते खरा अभ्यास त्याच दिवशी होतो.

पीसीएमचा, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचा, पेपर कसा असतो बघा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद! मग मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे, त्यालाही ९० मिनिटं. ५४ सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ लावून बसल्याशिवाय कळत नाही. कुठला प्रश्न बघताक्षणी सोडून पुढे जायचं, हेही तिथेच अंगवळणी पडतं.

आता मधल्या दिवसाचं. एका मुलीच्या पेपरात प्रश्न होता: लंबकाची लांबी २१ टक्क्यांनी वाढवली तर आवर्तकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) किती टक्क्यांनी वाढेल? तिनं १०.५ निवडलं, उत्तर होतं १०. शेजारी तिनं लिहिलं होतं, 'सिली मिस्टेक'. मी विचारलं, १०.५ कसं आलं गं? म्हणाली, "सूत्रात वर्गमूळ आहे, म्हणून निम्मं केलं." निम्मं करण्याची युक्ती एक-दोन टक्क्यांच्या बदलाला चालते. २१ टक्क्यांना नाही, तिथे १.२१ चं वर्गमूळ १.१, म्हणून वाढ बरोबर १० टक्के. मग मी विचारलं, लांबी ४४ टक्क्यांनी वाढवली तर? क्षणभर थांबून म्हणाली, "२०." 'सिली मिस्टेक' म्हणून तिनं पान उलटलं असतं, तर पुढच्या प्रत्येक पेपरात तिनं निम्मंच केलं असतं. हा शब्द मुलांनी वहीत लिहूच नये असं मला मनापासून वाटतं. उत्तर का चुकलं ते लिहावं, एका ओळीत.

बरोबर आलेली उत्तरंही तपासा. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. पण म्हणूनच तुक्का लागून आलेले गुण सराव पेपरात लपून बसतात. तुक्का मारलेल्या प्रश्नावर सोडवतानाच खूण करा आणि तो चुकलेल्यांत धरा. अशा खुणा अकरावीच्या धड्यांवर जास्त दिसल्या, तर अकरावीचं पुस्तक काढा. पेपरातला साधारण २० टक्के भाग तिथलाच असतो.

पालकांना एक विनंती. सराव पेपरात १२० आले म्हणजे पर्सेंटाइल किती, हे कृपा करून विचारू नका. पर्सेंटाइल त्या-त्या सत्रात बसलेल्या मुलांच्या तुलनेत काढतात; घरच्या पेपरावरून तो निघत नाही. त्याऐवजी आज काय नवीन कळलं ते विचारा. मूल सांगू लागलं की मध्ये बोलू नका.

आणि हॉल तिकिटावर दुपारचं सत्र आलं असेल, तर शेवटचे पेपर दुपारी जेवण झाल्यावरच सोडवायला बसा.