भगरीची टिक्की: कडेच्या भेगा अखेर बुजल्या

भगरीची टिक्की आता तेलात फुटत नाही. बटाटा नाही, भिजलेल्या साबुदाण्याचा चिकटपणा नाही, तरी उलटताना अख्खी राहते. त्यासाठी नवा जिन्नस एकही लागला नाही. आहे त्याच भगरीतली मूठभर दळायची आणि तिची उकड काढून उरलेल्या शिजलेल्या भगरीत मळायची.

अटी पहिल्या प्रयत्नापासूनच्याच. उपवासाला चालेल तेवढंच घालायचं आणि धान्य-दाण्याची चव बटाट्याखाली दबू द्यायची नाही. शेंगदाणा द्विदल असून उपवासाला चालतो, मूग-मटकी चालत नाहीत. या न्यायाच्या खोलात न शिरता त्याचा फायदा घ्यायचा.

भेगांचं मूळ तेलाच्या आचेत नव्हतं, शिजवण्यात होतं. भगर मोकळी शिजली की प्रत्येक दाणा सुटा, वरून कोरडा. दाबून थापली तर हातावर टिक्की छान दिसते, पण तेलात आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि कड फोडते. पाणी वाढवून भगर गिचका केली तर आकार बसतो, पण आत ओल इतकी राहते की बाहेरून लाल झालेली टिक्की आतून पिठूळ लागते. शिंगाड्याचं पीठ वाढवलं तर टिक्की टणक होते, आणि गार झाल्यावर तर चावतच नाही. विकतची उपवासाची भाजणी बांधणीला कुचकामी आहे. पीठ भाजलं की त्यातला स्टार्च पाणी धरून नीट फुगत नाही, म्हणून चिकटपणाही कमी. शिवाय बहुतेक पाकिटांत ती गरजेपेक्षा जास्तच खमंग भाजलेली असते. ती थालीपिठाला ठेवा.

आत्ताचं प्रमाण ४५ ग्रॅमच्या नऊ-दहा टिक्क्यांचं. १०० ग्रॅम भगर धुऊन २० मिनिटं भिजवा, निथळा. २०० मिली उकळत्या पाण्यात घालून मंद आचेवर झाकून ८ मिनिटं शिजवा, मग आच बंद करून १० मिनिटं तशीच वाफेवर ठेवा. कमी पॉलिशची, किंचित करडी वरई असेल तर पाणी ३० मिली वाढवा. तिची चवही जास्त चांगली, पांढरीशुभ्र भगर फक्त दिसायला बरी.

उकडीसाठी ३० ग्रॅम कच्च्या भगरीचं बारीक पीठ, ७० मिली पाणी, पाव चमचा तूप आणि मीठ. मोदकाच्या उकडीसारखंच करायचं: पाणी उकळलं की पीठ एकदम लोटा, ढवळा, झाकून दोन मिनिटं वाफ काढा. पीठ मिक्सरच्या लहान भांड्यात त्याच वेळी करा आणि दोनदा चाळा. कणी राहिली तर भेग नेमकी तिथूनच सुरू होते. तयार पीठ, त्यातही सुटं, अजिबात घेऊ नका. पावसाळी हवेत ते ओल धरतं, बुरशी लागते, आणि सणासुदीच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या अनेकदा त्यातून येतात.

यापुढे सगळा खेळ वेळेचा. भगर आणि उकड दोन्ही हाताला सोसतील इतकी गरम असतानाच परातीत तळव्याने रगडून एकजीव करायची. गार झाल्यावर स्टार्च घट्ट बसतो, मग कितीही मळा, गोळा ढेकळासारखा फुटतो. सकाळची उरलेली भगर म्हणूनच दगा देते. तीच वापरायची असेल तर आधी चाळणीत पाच मिनिटं वाफवून घ्या. उलट, हाच घट्टपणा टिक्की थापून झाल्यावर हवा असतो. म्हणून गरम मळा, गरम थापा, आणि मग अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. कड अंगठ्याने फिरवून गुळगुळीत करा. जाडी दीड सेंटिमीटर, त्याहून पातळ नको.

दाणे ६० ग्रॅम, भाजून, सालं काढून, जाडसर कुटून. मिक्सर सलग फिरवला की तेल सुटतं, ते पिठाला लागलं की बांधणी सैल पडते. बटण टिचकी मारल्यासारखं दाबायचं, नाहीतर सरळ खलबत्ता. इथे खलबत्त्याला तोड नाही. कूट सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने. चवीला हिरवी मिरची, जिरं, आलं. कोथिंबीर ज्यांच्याकडे चालते त्यांनी घालावी, पण धुऊन पूर्ण कोरडी करून.

वरच्या आवरणाला साबुदाण्याचं जाडसर पीठ जिंकलं. राजगिऱ्याच्या लाह्या दिसतात देखण्या, पण तेलात झडतात, तळाशी जळतात आणि पुढच्या घाण्याला कडवटपणा देतात. तळण्यापेक्षा बिडाच्या तव्यावर दोन चमचे तेलात शॅलो फ्राय करावं. मध्यम आचेवर एका बाजूला ४ मिनिटं. कडेला तांबूस रेघ दिसेपर्यंत उलथनं लावायचं नाही. कढईत तळायच्याच असतील तर तेल १७५ अंशांच्या आसपास हवं आणि एका वेळी तीनच टिक्क्या. थंड तेलात त्या तूप प्यायल्यागत जड होतात.

पुढचा बेत ओलं खोबरं-बेदाण्याचं सारण भरण्याचा होता. तो थांबवावासा वाटतोय, कारण हे लिहिता लिहिताच एक गोष्ट सुचली: उकडीला साधं पाणी का? कच्चे दाणे चार तास भिजवून, पाण्याबरोबर वाटून, गाळून त्या दुधातच उकड काढली तर? दाण्यातलं तेल त्या दुधात बारीक थेंबांत विखुरलेलं असतं, सुटं नसतं, त्यामुळे बांधणी ढिली पडू नये. गाळलेला चोथा परतून कुटाच्या जागी जाईल. ७० मिली पाण्याऐवजी ८० मिली दूध धरून सुरुवात करू. मात्र तवा जरा मंद ठेवावा लागेल, या उकडीची टिक्की लवकर लाल होईल.

एकादशीला भगर न चालणाऱ्या घरांसाठी राजगिऱ्याची जोड अजून अडकलेलीच आहे. अख्खा राजगिरा शिजवला की चिकट होतो, पण तो चिकटपणा थापायला साथ देत नाही, बोटांनाच धरून बसतो. अर्धा शिजवलेला, अर्धा लाह्यांचं पीठ, हे प्रमाण पुढे तपासायचं आहे. कुणी शिंगाडा न घालता राजगिऱ्याची टिक्की उलटवली असेल तर पाण्याचं माप कळवा, वाटीत नको, ग्रॅममध्ये.