तुम्ही विचारलंत म्हणून: त्या क्रुशिन्यानीत आहे तरी काय?

सारखं त्या खेड्यात काय जातोस, हे मामी विचारते, सासरे विचारतात, ऑफिसातली पोलिश पोरंही विचारतात. इतकी वर्षं मी 'जेवण भारी मिळतं' म्हणून विषय संपवायचो. ते खोटं नाही. पण आता एकदाच लिहितो, मग परत विचारू नका.

क्रुशिन्यानी म्हणजे ईशान्य पोलंडमधलं एक खेडं, ब्यावीस्तोक शहराहून गाडीने तासभर. वाटेत क्रिन्की लागतं, तिथल्या षटकोनी चौकातून 12 रस्ते फुटतात आणि मी दर वेळी चुकीचा पकडतो. पुढे जंगल, मग दीडेकशे माणसांचं लांबट गाव, आणि पलीकडे लगेच बेलारूस. मशीद लाकडी, हिरवी, दोन मनोऱ्यांची, लांबून चर्चच वाटतं, वरची चंद्रकोर दिसली की कळतं. 1679 मध्ये पोलंडच्या यान सोबिएस्की राजाकडे त्याच्या फौजेतल्या तातार (तुर्की वंशाचे मुसलमान) घोडेस्वारांच्या थकलेल्या पगाराला पैसे नव्हते, म्हणून त्याने जमिनी दिल्या, हे गाव कर्नल क्शेचोव्स्कीच्या वाट्याला आलं. इनाम-वतनाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. (सोबिएस्की राजा निवडून आला 1674 ला, महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी. याला काही अर्थ नाही, पण मला सांगायला आवडतं.) या लोकांची मूळ भाषा कधीच गेली, धर्म राहिला. मशिदीमागे पाइनच्या झाडीत कब्रस्तान आहे, दगडांवर कुठे अरबी, कुठे रशियन लिपी, कुठे पोलिश. आता तातार घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी गाव ख्रिस्ती.

2017 ला मी यावर भलीमोठी पोस्ट टाकलेली, साडेतीनशे वर्षं कसे सगळे गुण्यागोविंदाने राहतात वगैरे. आता वाचली की ओशाळायला होतं. 2014 मध्ये याच मशिदीवर कोणीतरी डुक्कर रंगवून गेलेलं, आणि हे मला लिहिताना माहीत होतं. गोष्ट बिघडेल म्हणून गाळलं.

मग सप्टेंबर 2021. बेलारूसकडून निर्वासित यायला लागले, सरकारने सीमेलगतच्या 183 गावांत आणीबाणी लावली, बाहेरच्यांना बंदी. मी जिच्याकडे उतरतो त्या तातार आजीचा नवा चष्मा माझ्याकडे होता, म्हटलं नाक्यावर देऊन परत फिरू. नाक्यावर पुढच्या गाडीतल्या गोऱ्या जोडप्याला कागद बघून दोन मिनिटांत मागे वळवलं. मला मात्र खाली उतरवलं. पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड, ऑफिसचं आयडी, सगळं दाखवलं, तरी डिकी उघडायला लावली, मग स्टेपनी काढायला लावली, कुणाला घेऊन चाललायस म्हणून तीनदा विचारलं. चष्म्याची डबीसुद्धा उघडून बघितली. चष्म्याच्या डबीत कोण बसतं हो? मी हसलो नाही, हात थरथरत होते.

शेवटी आजीला फोन केला. ती शेजाऱ्याच्या गाडीतून आली, टॉवेलात गुंडाळलेला गरम पिएरेकाचेव्निक घेऊन, म्हणजे पातळ पोळ्यांचे थर, आत मटण, गोगलगायीसारखी गुंडाळी. तिने पहिला तुकडा कापला आणि दिला कुणाला, तर माझी स्टेपनी काढायला लावणाऱ्या त्या पोराला. मग मला. मी खाल्ला नाही.

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या तातार गावात, बोहोनिकीत, नदीत बुडालेल्या 19 वर्षांच्या सीरियन मुलाला दफन केलं. जनाज्याला त्याच्या घरचं कुणी नव्हतं, तातारांनीच सगळं केलं. पुढच्या वर्षी सीमेवर साडेपाच मीटर उंच कुंपण आलं. जूनअखेर बंदी उठली आणि मी पुन्हा जायला लागलो.

का, ते अजूनही नीट सांगता येत नाही. पोस्टमधलं गाव खोटं होतं म्हणावं तर आजी खरी आहे, आणि नाकाही खराच. सगळ्यांना माझ्यासारखं वागवतात असं नाही, कुणालाच वागवत नाहीत असंही नाही.

आजीला एकदा विचारलंच, पहिला तुकडा त्याला का. 'पोरगा सकाळपासून उभा होता,' एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मीही उभाच होतो की. यावर आमचं अजून जमलेलं नाही.