आमची वाटचाल : मधूनच जाणारा टच आणि आमचं दुकान

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. टॅब्लेट आणि मोबाइल दुरुस्त करतो, पण आमच्याकडे येणारं सगळ्यात जास्त काम एकाच तक्रारीचं असतं : "टच मधूनच जातो." पूर्ण गेलेला टच कुणीही ओळखतो. काच बदलली की काम होतं. मधूनच जाणारा टच मात्र दुकानात आला की नेमका शहाण्यासारखा चालतो. गिऱ्हाईक बिचारं ओशाळतं, "ताई, घरी खरंच चालत नव्हता हो." आमचा विश्वास असतो. त्या विश्वासावरच हा धंदा उभा आहे असं म्हटलं तरी चालेल.

हे आमच्याकडे अण्णांकडून आलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, टीव्ही दुरुस्त करायचे. जुन्या डब्या टीव्हीत ड्राय सोल्डरचा दोष फार. एलओटीच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबला जास्त दाबाची वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या आसपासचे सांधे रोज तापायचे, रोज थंड व्हायचे, आणि काही वर्षांत जोडाभोवती केसाएवढी चीर पडायची. संच तासभर चालायचा, मग चित्र गुल. वरून थाप मारली की परत हजर. घरोघरी थापा मारूनच टीव्ही चालायचे. अण्णा थाप मारायचे नाहीत. झाकण लावलेल्या संचावर चादर टाकून तो दुकानात संध्याकाळभर चालू ठेवायचे आणि बिघाड होण्याची वाट बघायचे. "दिसल्याशिवाय हात लावायचा नाही," एवढंच त्यांचं शास्त्र. दोष डोळ्यासमोर घडला की अर्धं काम झालं असं ते धरायचे.

डब्या टीव्ही गेले आणि दुकान सुनं झालं. एलसीडीचं पॅनल गेलं तर ते दुरुस्त करण्यापेक्षा नवा संच परवडायचा. त्याच सुमारास टॅब्लेट येऊ लागले. ऑक्टोबर २०११मध्ये दिल्लीत 'आकाश' टॅब्लेटचं मोठं कौतुक झालं होतं. त्याचा पडदा दाबाचा, म्हणजे रेझिस्टिव्ह. बोट टेकून चालायचं नाही, नखाने नीट दाबायला लागायचं. बोट नुसतं टेकलं की चालणारे कपॅसिटिव्ह पडदे स्वस्त टॅबमध्ये आले ते त्यानंतर. आणि ते आल्यावर मधूनच जाणाऱ्या टचच्या तक्रारीही आल्या. माझ्या धाकट्या भावाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, मी हिशेब आणि गिऱ्हाईक बघायचे. दोघांनी अण्णांचंच टेबल पुसून घेतलं आणि पाटी बदलली.

बाजारातली रीत तेव्हाही हीच होती आणि आजही आहे : टचची तक्रार आली की ग्लास बदला, नाहीतर अख्खा फोल्डरच, म्हणजे काच आणि डिस्प्ले दोन्ही, बदला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट मागवायचा, लावायचा, पैसे घ्यायचे. यात लबाडी असतेच असं नाही. बऱ्याचदा काच खरंच गेलेली असते. पण अण्णा कोपऱ्यात बसून विचारायचे, "दिसला का दोष?" आणि भावाला खाली ठेवलेला स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलता यायचा नाही.

इथे पडद्याचं थोडं सांगायला हवं. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक रेघांची जाळी असते, आडव्या आणि उभ्या. टचची आयसी, म्हणजे बोट ओळखणारी चिप, एका रेघेतून सिग्नल सोडते आणि तिला छेद देणाऱ्या रेघांवर तो किती पोचला ते मोजते. बोट टेकलं की तिथला थोडा विद्युतभार बोट ओढून घेतं, आकडा घसरतो, आणि आयसीला जागा कळते. सेकंदाला कित्येक वेळा ही मोजणी चालते. मोजायचे आकडे इतके बारीक असतात की काचेचा काहीही दोष नसताना मोजणी बिघडू शकते. म्हणून आमचा पहिला प्रश्न "काय होतं?" हा नसतोच, "कधी होतं?" हा असतो.

त्याआधी एक चाळणी लावतो. टच गेला म्हणतात तेव्हा आवाजाचं बटण दाबून बघायला सांगतो. पट्टी वरखाली झाली तर टॅब जागा आहे, फक्त बोट कळत नाही. तेही होत नसेल तर टच नाही, अख्खा टॅबच अडकलाय. जागा भरलेली असते, एखादं अ‍ॅप रुतून बसलेलं असतं. ओटीजीला, म्हणजे चार्जिंगच्या तोंडात बसणाऱ्या जोडणीला, साधा माउस जोडला तरी हेच कळतं. बाण पळतो आणि बोट चालत नाही, तर दुखणं टचमध्ये. मग अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शनमधलं पॉइंटर लोकेशन चालू करायचं. बोट फिरेल तशी पडद्यावर रेघ उमटते. रेघ प्रत्येक वेळी एकाच आडव्या किंवा उभ्या पट्ट्यात तुटली तर जाळीतली रेघ, काचेला बोर्डाशी जोडणारी पट्टी नाहीतर कनेक्टर. कुठेही, कशीही तुटली तर आयसी, बॅटरी किंवा चार्जरकडे बघायचं. टॅब तापल्यावरच तुटली तर सोल्डर. भाऊ सांगतो की यातलं निम्मं तो अण्णांच्या चादरीखालच्या टीव्हीवरच शिकला.

आमचं नाव झालं ते शाळांमुळे. २०१५-१६च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायची लाट होती. गुरुजींनी गावातून, मुंबईकर चाकरमान्यांकडून लोकवर्गणी जमवून टॅब घेतले होते. अशाच एका वाडीवरच्या शाळेचे गुरुजी पिशवीभर टॅब घेऊन आले. सगळ्यांची एकच तक्रार. मुलं एक दाबतात आणि दुसरंच उघडतं. दुकानात सगळे टॅब व्यवस्थित. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना प्रत्येक टॅबला नवीन काच लागेल असं सांगितलं होतं, आणि वर्गणीच्या पैशाचा हिशेब गावाला द्यायचा म्हणून ते घाबरले होते. भाऊ त्यांच्याबरोबर शाळेत गेला. वर्गात एकाच एक्स्टेंशनवर अनेक तोंडांचा एक स्वस्त चार्जर, सगळे टॅब त्यालाच लावलेले, आणि मुलं तसेच वापरत होती. वायर काढली की टच सरळ. लावली की पॉइंटर लोकेशनवर रेघ थरथरायची, आणि खोटे ठिपके बोट असेल त्याच ओळीत उमटायचे.

त्याचं कारण असं. चार्जरमध्ये वेगाने उघडझाप करणारं सर्किट असतं. त्याची खरखर गाळायला चांगल्या चार्जरात फिल्टर असतात, हलक्यात त्यावरच काटकसर करतात. मग अख्खा टॅब जमिनीच्या तुलनेत थरथरता राहतो आणि बोट टेकलं की ती थरथर बोटातून मोजणीत शिरते. टॅबच्या धातूच्या पाठीवरून हात फिरवला आणि झिणझिण्या जाणवल्या तर चार्जरवरच संशय घ्यावा. त्यात शाळेला अर्थिंग धड नव्हतं. आपल्याकडे जांभा दगड, मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं.

गुरुजींना आम्ही बरे चार्जर दिले आणि मुलांनी टॅब वापरताना वायर काढून ठेवायची असं सांगितलं. एकही काच बदलली नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत गुरुजींनी हे सगळ्यांना सांगितलं असावं. कारण त्यानंतर तालुक्यातल्या कोपऱ्याकोपऱ्यातून पिशव्या यायला लागल्या.

पण पिशव्या आल्या म्हणून पैसे आले असं नाही. "काही बदललंच नाही, मग पैसे कसले?" हा प्रश्न आम्ही अजून ऐकतो. म्हणून तपासणीची फी ठरवली आणि ती पाटीवर लिहिली. सध्या २०० रुपये. आजूबाजूचे म्हणाले, निदान दुरुस्ती केली तर फी बिलात वळती करा, लोकांना बरं वाटतं. ते आम्ही मुद्दाम केलं नाही. फी वळती होते म्हटलं की गिऱ्हाईकालाही वाटतं काहीतरी बदलून घ्यावं, आणि खरं सांगायचं तर आमच्याही हाताला खाज सुटेल. काच बदलो न बदलो, दोष शोधण्याचे पैसे वेगळे. यावरून दारातून परत गेलेली माणसं बरीच आहेत. त्यातली काही नंतर आली, काही नाही.

फी घेऊन काहीच न बदललेलं एक काम मला फार आवडतं. एका आजींना नातवाने टॅब दिलेला, पुण्यातल्या नातीशी बोलायला. तक्रार अशी की आजींनी लावला की चालत नाही आणि नातवाने हातात घेतला की लगेच चालतो. घरच्यांनी आजींनाच समजावून झालं होतं, हळू दाबा, जोरात दाबा. भावाने विचारलं, "आजी, टॅब ठेवता कुठे?" गादीवर, जाड रबरी कव्हरात. कुणाच्या हातात नसलेला, कशालाही न जोडलेला टॅब गादीवर असला की त्याला जमिनीचा आधार जवळपास राहत नाही, आणि बोटाने ओढलेला भार नीट मोजता येत नाही. हातात धरलेल्या टॅबला धरणाऱ्याच्या शरीराचा आधार मिळतो. शिवाय वयामुळे बोटांची कातडी कोरडी, आणि काचेवर जाड गार्ड, कडेला हवा भरलेला. नातू टॅब हातात धरायचा, म्हणून चालायचा. कव्हर आणि गार्ड काढलं, डाव्या हाताने टॅबची धातूची पाठ धरायला सांगितली. चालला. आजी म्हणाल्या, "म्हणजे बिघडलेली मीच की!" आणि फी त्यांनी स्वतःच्या बटव्यातून दिली, नातवाला देऊ दिली नाही.

२०२०च्या जूनपासून ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि दुकानाला उसंत राहिली नाही. सॅनिटायझरच्या ओल्या बोटांनी टॅब वापरणारी मुलं, घरातला एकच टॅब भावंडांत फिरणारा, दिवसभर चार्जिंगवर. आयसी आपल्या मोजणीची पायाभूत पातळी अधूनमधून नव्याने ठरवत असते. पडदा ओला असताना ती ठरली तर पुसल्यावर उलटंच वागायला लागतो. पडदा बंद करून पुन्हा चालू केला की बहुतेकदा ताळ्यावर येतो. हे फोनवर सांगूनच भागायचं, त्याची फी कधी घेतली नाही.

मग २२ जुलै २०२१चा पूर. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. २००५च्या पुराची खूण धरून लोकांनी सामान वर ठेवलं होतं, आम्हीही. पाणी त्याच्याही वर गेलं. दुकानाचं काय झालं ते सगळ्या चिपळूणने आपापल्या घरात बघितलंय, वेगळं सांगत नाही. गिऱ्हाइकांचे टॅब आदल्या संध्याकाळी भाऊ घरी घेऊन गेला होता, ते वाचले. त्यानंतर वर्षभर पुराचे टॅब येत राहिले. तांदळात ठेवून वाळवलेले, चालू झालेले, आणि काही महिन्यांनी टच मधूनच जायला लागलेले. वरून वाळलं तरी कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज हळूहळू चढत राहतो. तांदूळ त्याला काही करत नाही. उघडून, बॅटरी सोडवून, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने पिना साफ केल्या की त्यातले कित्येक टॅब सुधारले. ज्यांची पट्टीच खाल्ली गेली होती त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.

अलीकडे महामार्गावरची हॉटेलं आणि गावातले दवाखाने आमचे मोठे गिऱ्हाईक झालेत. बिलाचा किंवा नोंदणीचा टॅब चोवीस तास चार्जिंगला लावलेला असतो. सतत शंभर टक्क्यांवर आणि गरम राहून बॅटरी फुगते, आतून पडद्याला रेटते आणि मधल्या भागात टच जायला लागतो, जास्त करून दुपारी. हॉटेलवाला म्हणतो काच बदला. टॅब सपाट टेबलावर ठेवून एका बोटाने गोल फिरवला आणि तो मधल्या फुगवट्यावर डुलला तर काचेचं नावही काढायचं नाही. टॅबमध्ये चार्जिंग ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर आम्ही ती चालू करून देतो. तिने आमचं बॅटरीचं काम घटलंय. हॉटेलवाल्यांनी मात्र वर्षाचा करार केला.

बोर्डावरची कामं आम्ही सगळी करत नाही. टचच्या आयसीखालचं सोल्डर तडकणं हा जुना ड्राय सोल्डरच, फक्त डोळ्याला न दिसणारा. आयफोन ६ प्लसमध्ये हेच दुखणं इतकं पसरलं होतं की वर पडद्यावर राखाडी पट्टा लुकलुकायचा आणि टच जायचा. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०१६मध्ये त्यासाठी १४९ डॉलरची दुरुस्ती योजना काढली, आणि फोन कठीण जागेवर अनेकदा पडून मग त्यावर आणखी ताण आल्यामुळे असं होतं असं म्हटलं. पडण्याबद्दल दुरुस्तीवाल्यांची मतं वेगळी होती, माझ्या भावाचंही आहे. टॅबचं असं काम आलं तर मुंबईच्या एका कारागिराकडे पाठवतो, त्याचा खर्च आधी कळवतो आणि नको म्हटलं तर टॅब परत.

नवीन टॅबमध्ये काच आणि डिस्प्ले चिकटवून एकच केलेले असतात, त्यामुळे चुकीच्या निदानाची किंमत पूर्वीच्या कितीतरी पट झाली आहे. सुटी काच बदलता येणाऱ्या आयपॅडमध्येसुद्धा काच लावताना तिच्या कडेची पट्टी धातूच्या चौकटीला टेकली की आपोआप टच व्हायला लागतो. ती पिवळट, उष्णता सोसणारी टेप कडेला लावायला हवी. दुसऱ्या दुकानात बदललेल्या काचांचे असे टॅब आमच्याकडे महिन्याला येतातच. टेप लावायची आम्ही फक्त तपासणीची फी घेतो.

अण्णा आता दुकानात रोज येत नाहीत. येतात तेव्हा चहा घेऊन त्याच कोपऱ्यात बसतात.

टॅब आणणार असाल तर चार्जर, वायर आणि कव्हर सोबत आणा, गार्ड काढून आणू नका. टच कधी गेला, तेव्हा चार्जिंग चालू होतं का, टॅब तापला होता का, कुठे ठेवला होता, हे कागदावर लिहिलंत तर आमचा वेळ वाचेल. जमलं तर दुसऱ्या फोनवर व्हिडिओ काढा. डेटाची प्रत आधी काढून ठेवा. गुहागर, दापोलीकडून एसटीच्या पार्सलने टॅब आले तर चालतात, पण पाठ फुगलेली वाटली तर पार्सल करू नका. बंद करून, न दाबता, स्वतः घेऊन या.